प्रकल्प नोंदी: पुरातला टॅब, बडोदे

५ मे

कामाची व्याप्ती ठरली. वापरणारी पथकं तीन आणि तिघांची तऱ्हा वेगळी: पुरात बोट घेऊन जाणारे, बंबावरचे, ॲम्ब्युलन्समधले. विश्वामित्री नदी २०१९ साली शहरात शिरली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा शिरली. अशा वेळी कागदावरची नोंद भिजते आणि फोनवरची नोंद ग्रुपच्या मेसेजांखाली गाडली जाते. रगेड टॅब (आदळआपट आणि पाणी सोसणारा) घ्यावा असं सगळेच म्हणतात. तो हातात धरून काम होतं का, हे या नोंदींत तपासायचं आहे.

चाचणीला तीन प्रकारची यंत्रं. 'लहान': ८ इंची, आयपी ६८ (धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा), १००० निट (पडद्याच्या प्रकाशाचं माप), वजन साधारण ६५० ग्रॅम. 'मोठा': १० इंची, आयपी ६५, बॅटरी बाहेरून बदलता येणारी, वजन सव्वा किलोच्या आसपास. 'साधा': बाजारातला ८ इंची टॅब, जाड रबरी कव्हरमध्ये. साधा मुद्दाम ठेवला आहे. महाग यंत्र नेमकं कुठे सरस ठरतं ते त्याच्याशी लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

कामंही तीनच. एक, घर शोधून 'किती माणसं, कोणत्या मजल्यावर, काय अडचण' ही नोंद करणं. दोन, जखमींची रंगानुसार वर्गवारी. तीन, फोटो आणि जागा नियंत्रण कक्षाला पाठवणं. प्रत्येक काम कोरड्या हाताने, ओल्या हाताने आणि हातमोजे घालून करायचं. तुलनेला कागदी रजिस्टर आणि पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते. ही पेन्सिल पुढे बऱ्याच ठिकाणी टॅबला भारी पडेल असा अंदाज आहे.

८ मे

माहितीपत्रकं वाचली. दोन आकड्यांवर सगळी विक्री चालते, म्हणून त्यांचा अर्थ इथे लिहून ठेवतो.

आयपी ६७ मधला ६ धुळीचा आणि ७ पाण्याचा: १ मीटर खोल, ३० मिनिटं. शेवटी ५ असेल तर ६.३ मिमी तोंडातून मिनिटाला १२.५ लिटरची धार, ६ असेल तर १२.५ मिमी तोंडातून १०० लिटरची. बुडवण्याची चाचणी पास म्हणजे धारेची पास असं नाही. दोन्ही हवं तर पत्रकावर आयपी ६५/६७ असं जोडीने छापलेलं असावं लागतं. बंबाच्या नळीचा मारा यापेक्षा कितीतरी मोठा, तेव्हा आकडा कुठलाही असो, टॅब धारेखाली धरायचा नाही.

यातली एक अट पत्रकावर कधीच नसते. बुडवण्याच्या चाचणीत पाण्याच्या आणि यंत्राच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. उन्हात तापलेला टॅब गार पाण्यात पडला की आतली हवा आकसते, आतला दाब घटतो आणि फट मिळेल तिथून पाणी ओढलं जातं. दाब सांभाळायला पातळ पडद्याचं छिद्र दिलेलं असतं, पण त्यावर गाळ बसला की ते निकामी. आपल्याकडे गाडीत तापलेला टॅब पुराच्या पाण्यात पडणं हाच नेहमीचा प्रसंग, आणि चाचणीत नेमका तोच धरलेला नाही.

दुसरा आकडा मिल-एसटीडी-८१०, म्हणजे अमेरिकी लष्कराचं चाचणी-मानक. पाडण्याच्या चाचणीत २६ वेळा पाडतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. उंची बहुधा ४ फूट, म्हणजे १.२२ मीटर, आणि खाली बरेचदा काँक्रीटवर अंथरलेलं २ इंची प्लायवूड. हे २६ वेळा पाडणं पाच नगांत वाटून घेण्याची मुभा असते. प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा नाही. 'आम्ही चाचणी केली' असं कंपनीच सांगते. बंबाच्या पायरीवर उभ्या माणसाच्या हातातून टॅब निसटला तर तो ६-७ फुटांवरून पडतो आणि खाली डांबर असतं. खरेदीच्या अर्जात 'मिल ग्रेड' एवढंच न लिहिता उंची, पृष्ठभाग आणि नगांची संख्या मागायची.

१४ मे

ऊन. दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डवर तिन्ही टॅब तासभर ठेवले. साध्याने तापमानाची सूचना देऊन पडदाच बंद केला. लहान आणि मोठा चालू राहिले, पण दोघांनीही आपणहून प्रकाश कमी केला. बॅटरी आणि प्रोसेसर वाचवायला यंत्र जे करतं तेच वाचणाऱ्याच्या मुळावर येतं: १००० निटचा पडदा ज्या उन्हासाठी घेतला, त्याच उन्हात तो १००० निट देत नाही. पत्रकातला आकडा गार खोलीतला.

उन्हात वाचता येणं नुसत्या प्रकाशावर अवलंबून नाही. काच आणि पडदा यांच्यात हवेची फट असेल तर परावर्तन वाढतं. फट पारदर्शक चिकट थराने भरलेली असेल तर बराच फरक पडतो. लहान टॅबला असा थर आहे, मोठ्याला नाही. निट सारखे असूनही पांढऱ्या पार्श्वभूमीवरची काळी अक्षरं लहानावर दिसली आणि मोठ्यावर स्वतःचा चेहरा दिसला. उन्हासाठी पांढरं पान, जाड काळी अक्षरं. राखाडी रंग नावालाही नको.

पोलराइज्ड गॉगल घालून पाहिलं: मोठा टॅब उभा धरला की पडदा काळा, आडवा धरला की ठीक. खरेदीपूर्वी दुकानात अर्ध्या मिनिटात होणारी तपासणी आहे ही, कोणी करत नाही.

चार्जिंगचं: लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. गाडीत उन्हात डॉकला (टॅब बसवून चार्ज करायच्या खाचेला) लावलेला टॅब चार्ज होत नसेल तर डॉक बिघडला असं धरू नये. बॅटरी नियंत्रक आपलं काम करतोय. सावली करा, डॉकवर एसीचा झोत येऊ द्या.

१९ मे

हातमोजे. पातळ नायट्राइल (ॲम्ब्युलन्सवाले घालतात ते): तिन्ही टॅब चालले. रबरी बोटमोजे: लहान चालला, तोही ग्लोव्ह मोड लावल्यावर. बंबवाल्यांचे चामड्याचे अस्तरवाले: कुठलाच नीट नाही.

चामड्याच्या हातमोज्यावर रबरी टोकाची साधी पेन चालेल असं सगळ्यांनाच वाटतं. चालत नाही. ती पेन बोटाचा विद्युतभार पडद्यापर्यंत पोचवते, आणि मध्ये ३ मिमी चामडं आलं की पोचवायला काही उरतच नाही. स्वतःचा सिग्नल असणारी ॲक्टिव्ह पेन चालली. पण ती दोरीने बांधली नाही तर पहिल्याच कॉलला हरवेल, आणि दोरी २० सेमीपेक्षा लांब असेल तर दाराच्या हँडलात अडकेल.

बटणांची मापं पिक्सेलमध्ये लिहायची नाहीत असं ठरलं. ॲन्ड्रॉइडची शिफारस ४८ डीपी (पडद्याच्या पिक्सेल-घनतेनुसार न बदलणारं माप), म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिमी. कोरड्या उघड्या बोटाला पुरतं. हातमोज्याला १५ मिमी हवं आणि दोन बटणांत किमान ४ मिमी मोकळी जागा. 'पाठवा' आणि 'रद्द' शेजारी नकोत. मध्ये अख्खं बोट मावलं पाहिजे. आता प्रत्येक स्क्रीन कागदावर खऱ्या मापात छापून पट्टीने मोजतोय. कॉम्प्युटरवर सगळंच मोठं दिसतं.

२१ मे

पाणी. या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच, म्हणून सविस्तर.

साहित्य: झारीचं पाणी, स्प्रे बाटली, बादली, आणि पुराच्या पाण्यासारखं करायला बादलीत मूठभर माती व चमचाभर मीठ. पाण्यात क्षार जितके जास्त तितकं ते विजेला वाट देतं, त्यामुळे स्वच्छ पाण्यावर 'चालला' म्हणणं फसवं आहे.

काय होतं ते आधी. पडद्याखाली उभ्या-आडव्या तारांची जाळी असते. बोट आलं की दोन तारांमधला विद्युतसंबंध बदलतो आणि तो बदल म्हणजे स्पर्श. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, म्हणून थेंब म्हणजे बोट असा गैरसमज होतो. यावर उपाय म्हणून वेट मोडमध्ये नियंत्रक मोजण्याची रीत बदलतो: तारांच्या जोड्या न मोजता एकेक तार जमिनीच्या (विजेच्या भाषेत अर्थच्या) तुलनेत मोजतो. सुटा थेंब जमिनीशी जोडलेला नसतो, म्हणून तो दिसेनासा होतो. छान. पण या रीतीत दोन बोटं एकाच वेळी ओळखणं जमत नाही. वेट मोड लावला की चिमटीने नकाशा मोठा करणं बंद. हे पत्रकात नाही, बादलीशेजारी बसल्यावर कळलं.

आणि ओघळ? थेंबांचा ओघळ होऊन तो पडद्यावरून धातूच्या कडेपर्यंत किंवा धरणाऱ्याच्या अंगठ्यापर्यंत पोचला की ते पाणी जमिनीशी जोडलं गेलं. मग वेट मोडलाही ते बोटच वाटतं. म्हणून खोटे स्पर्श पडद्याच्या खालच्या कडेला आणि अंगठ्याजवळ जास्त येतात. आपण 'पाठवा' आणि 'नवी नोंद' नेमके तिथेच ठेवले होते.

ग्लोव्ह मोड याच्या उलट दिशेला ओढतो. जाड आवरणातून बोट कळावं म्हणून संवेदनशीलता वाढवली जाते आणि मग थेंबही जोरात 'ऐकू' येतात. लहान टॅबवर ग्लोव्ह आणि वेट दोन्ही एकदम लावताच येत नाहीत, एक निवडावा लागतो. बोटीतल्या माणसाच्या हातात ओले हातमोजे असतात. त्याने काय निवडायचं?

एका जुन्या बोटचालकाने टॅब हातात घेतला, पँटीला बोट पुसलं, पँटही ओलीच होती, पुन्हा दाबलं, आणि परत देताना एवढंच म्हणाले: "हाथ भीनो होय तो आ चालतुं ज नथी." (हात ओला असेल तर हे चालतच नाही.) अख्ख्या अहवालाचा मथळा म्हणून हे वाक्य चालेल.

उपाय, जे टिकले तेवढेच:

पडद्यावरचा खालचा २० मिमी पट्टा पूर्ण निष्क्रिय. तिथे फक्त वेळ आणि बॅटरी.

नोंद पाठवायला पडद्यावरचं बटण नाहीच. लहान टॅबच्या कडेला दोन मोकळ्या कळा आहेत, पी १ आणि पी २. पी १ म्हणजे पाठवा, पी २ म्हणजे फोटो. कळ दाबली की ती ॲपपर्यंत की-इव्हेंट म्हणून येते आणि पाण्याशी तिचा काही संबंध नसतो. हातमोज्यातून लागली की नाही कळावं म्हणून कळेवर १ मिमी उंच रबरी ठिपका चिकटवला.

पुसून टाकण्याची कुठलीही क्रिया एका स्पर्शाने होत नाही. दीड सेकंद दाबून धरावं लागतं, आणि दाबलेलं ठिकाण ५ मिमीपेक्षा जास्त सरकलं तर ते रद्द. थेंब एका जागी स्थिर राहत नाही, बोट राहतं.

नकाशावर + आणि − ची १८ मिमी बटणं, चिमटीची गरज नाही.

'मोठा' बोटीतून बाद. त्याचा पडदा जुन्या दाबावर चालणाऱ्या जातीचा असता तर हातमोजे आणि पाणी दोन्ही चाललं असतं, पण तसा पडदा उन्हात फिका दिसतो आणि वरचा पातळ थर रेतीने ओरबाडला जातो. सव्वा किलो एका हातात पेलून दुसऱ्या हाताने बोटीची कड धरणंही जमत नाही.

२२ मे

कालच्या पाण्याचे उरलेले परिणाम. लहानाचा स्पीकर रात्रभर घोगरा, सकाळी ठीक. मायक्रोफोनच्या छिद्रात माती. पिनने टोकरायचं नाही, आतला पडदा फाटतो आणि आयपी संपतं; गोड्या पाण्यात बुडवून हलवायचं, तोंड खाली करून वाळवायचं. साधा टॅब पहिल्याच बादलीत गेला. त्याचं कामही तिथेच संपलं.

चार्जिंगच्या भोकाचं झाकण. सगळं आयपी या नखाएवढ्या रबरावर टांगलेलं असतं. हातमोज्याने ते नीट बसत नाही, बसल्यासारखं वाटतं फक्त. झाकणाच्या कडेला पिवळा रंग दिला: पिवळं दिसलं म्हणजे उघडं आहे. रोज यूएसबीने चार्ज करायचंच नाही, डॉकच्या पिनांवर करायचं. झाकण जितक्या कमी वेळा उघडेल तितकं बरं.

२८ मे

फॉर्म आणि भाषा. ॲप गुजरातीत हवं, पथकं गुजरातीत काम करतात. आपल्यातले निम्मे घरी मराठी बोलणारे, आणि पहिल्याच स्क्रीनवर 'दर्दी' हा शब्द पाहून हशा पिकला. गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण. 'दर्दी केटला?' या प्रश्नाचं मराठी उत्तर मैफलीत द्यावं लागेल. हशा जाऊ दे, पण मुद्दा खरा: लेबलं आपण लिहायची नाहीत, वापरणाऱ्यांकडून बोलवून घ्यायची आणि जशीच्या तशी लावायची.

खरी अडचण अंकांची निघाली. गुजरातीतला २ आणि 'र' हे अक्षर दिसायला जवळजवळ सारखे, तसाच ५ आणि 'प'. गुजराती कीबोर्डवर घर क्रमांक टाकताना २ च्या जागी र पडतो, डोळ्याला बरोबर दिसतो आणि शोधताना सापडत नाही. अंकांच्या रकान्यात आता अक्षर टाइपच होत नाही, फक्त मोठा नंबर पॅड येतो आणि तोही इंग्रजी अंकांचा. आलेल्या जुन्या नोंदींत र आणि प एकटे दिसले की तपासणीसाठी बाजूला काढायचे.

टाइप करणं शक्य तिथे संपवलं. माणसांच्या संख्येला − आणि + ची बटणं, मजल्याला चार चौकोन, अडचणीला आठ मोठी बटणं. आठांतलं एक 'मगर'. दुसऱ्या कुठल्या शहराच्या पूर-फॉर्मवर हा पर्याय असेल असं वाटत नाही; इथे विश्वामित्रीच्या मगरी पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात, आणि बोटवाल्यांनी सर्वांत आधी हेच बटण मागितलं. ते लाल नाही, केशरी केलं. लाल रंग जखमीसाठी राखीव.

बोलून टाइप करणं तासाभरात सोडून दिलं. सायरन, इंजिन, पाऊस.

४ जून

गाडीतली जोडणी. इथे चुका महाग पडतात.

बहुतेक बंब २४ व्होल्टचे (इंजिन चालू असताना २८ च्या आसपास), ॲम्ब्युलन्स १२ व्होल्टच्या (चालू असताना १४.४ पर्यंत). कार चार्जरच्या सॉकेटमधला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर बंबात लावला की गेला. दोन्हींसाठी एकच कन्व्हर्टर घेतला: आत ९ ते ३६ व्होल्ट, बाहेर १९ व्होल्ट, ६० वॅट. ९ ची खालची मर्यादा पुरेलच असं नाही. सेल्फ मारताना १२ व्होल्टची गाडी क्षणभर ६ पर्यंत उतरू शकते. तेवढ्यात कन्व्हर्टर बंद पडून पुन्हा चालू होतो. टॅबला स्वतःची बॅटरी आहे म्हणून तो तरतो. डॉकमध्ये यूएसबी हब किंवा प्रिंटर असेल तर ते रीसेट होतात आणि ॲपला 'प्रिंटर नाही' असं वाटत राहतं. ॲपने दर १० सेकंदांनी पुन्हा शोधावं, असं केलं.

वायरचा हिशेब. ६० वॅट बाहेर, ९० टक्के कार्यक्षमता धरली तर आत साधारण ६७ वॅट. १२ व्होल्टला ५.६ अँपिअर, २४ ला २.८. बॅटरीपासून डॉकपर्यंत ३ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर, १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेत १२ व्होल्टला साधारण ०.४ व्होल्ट पडतो. चालेल. ०.७५ ची तार घातली तर ०.८ व्होल्ट, आणि तार कोमट लागते. फ्यूज १२ व्होल्टच्या गाडीत १० अँपिअर, २४ च्या गाडीत ५. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून १५-२० सेमीत, डॉकजवळ नाही. फ्यूज तार वाचवायला असतो, टॅब वाचवायला नाही. तार मध्येच पत्र्यावर घासून उघडी पडली तर फ्यूज तिच्या आधीच्या बाजूला हवा.

सायरन आणि वरच्या दिव्यांच्या वायरींवरून फीड घ्यायचा नाही. सोपं असतं, पण सायरन वाजला की व्होल्टेज नाचतं आणि जीपीएसवरही गोंगाट येतो.

इग्निशनची वेगळी बारीक तार कन्व्हर्टरला दिली. गाडी बंद झाल्यावर ३० मिनिटं पुरवठा सुरू, मग बंद. ही तार न जोडता थेट बॅटरीवर दिलं तर कन्व्हर्टर रिकामा असतानाही काही मिलीअँपिअर खात राहतो. ५० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास. महिनाभर उभी असलेली राखीव गाडी पुराच्या दिवशी सेल्फ घेईलच असं नाही आणि दोष टॅबवर येईल. बरोबरच येईल.

बसवणं: दीड इंची बॉलचा आर्म, खाली १० गेजचा पत्रा, चार एम ६ बोल्ट, नायलॉक नट. साधे नट कंपनाने सुटतात. एअरबॅगच्या वाटेत नको, गिअरच्या हाताला नको, आणि टॅब शेजारच्या माणसाकडे वळलेला. ड्रायव्हरला दिसेल असा ठेवला तर तो बघणारच.

डॉकच्या पिना. ओला टॅब डॉकला लावला आणि पिनांवर व्होल्टेज असेल तर पाण्यातून वीज वाहते, पिना काही दिवसांत हिरव्या पडतात आणि मग 'कधी चार्ज होतो, कधी नाही' असा छळवाद सुरू. दोन उपाय: टॅब बसल्याचं ओळखेपर्यंत पिनांवर पूर्ण व्होल्टेज न देणारा डॉक घ्यायचा, आणि डॉकशेजारी सुती फडकं बांधून ठेवायचं. फडकं चोरीला जातं. दोन बांधायची.

१० जून

मांडवीच्या आसपासच्या पोळांत (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांत) जीपीएस. घडियाळी पोळेत शिरल्यावर ठिपका शेजारच्या रस्त्यावर गेला, उभं राहूनही सरकत राहिला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीन मजले, उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि अंतर जास्त मोजलं जातं. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा रिसीव्हर असलेला लहान टॅब बरा, पण घर ओळखण्याइतका नाही.

म्हणून पोळांत जागा ठिपक्याने घ्यायची नाही. चार दरवाजांपैकी जवळचा (लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट), मग पोळ, मग खडकी (पोळेतली आतली छोटी गल्ली), मग दाराचा फोटो. यादी टॅबमध्येच आहे, नेट लागत नाही. ठिपक्याभोवती अचूकतेचं वर्तुळ दाखवतोय. वर्तुळ १५ मीटरपेक्षा मोठं झालं की ॲप आपणहून पोळांची यादी उघडतं.

१७ जून

नेटवर्क नसताना. नोंद आधी टॅबमध्ये लिहिली जाते, मग रांगेतून जाते. मजकूर २ केबी, फोटो १२८० पिक्सेलला आणला तर साधारण ३०० केबी. टू-जीवर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले तर फोटोला २४ सेकंद, मजकूर पापणी लवायच्या आत. पहिल्या आवृत्तीत फोटो आणि मजकूर एकत्र जात होते. मध्येच नेट तुटलं की दोन्ही अडकत आणि पुन्हा पहिल्यापासून. आता सगळ्या नोंदींचे मजकूर आधी, फोटो नंतर.

नोंदीचा क्रमांक टॅबच तयार करतो, सर्व्हर नाही. पोचपावती वाटेत हरवली तर टॅब तीच नोंद पुन्हा पाठवतो, आणि क्रमांक तोच असल्याने सर्व्हर दुसरी प्रत बनवत नाही. हे नसतं तर चार माणसांची आठ झाली असती.

एसएमएसचा पर्याय: इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६०, गुजरातीत फक्त ७०. म्हणून पूर्ण वाक्य न पाठवता कोड: पोळ क्रमांक, घर, माणसं, अडचण. नियंत्रण कक्षात कोड उलगडतो.

'जतन झालं' आणि 'पोचलं' यांना वेगळ्या खुणा दिल्या. एक बरोबर म्हणजे टॅबमध्ये जतन, दोन म्हणजे कक्षात पोचलं. व्हॉट्सॲपने सवय लावून ठेवली आहे, शिकवावं लागलं नाही.

२४ जून

सफाई. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं ठीक. हायपोक्लोराइटने पुसलं तर नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने पुसणं सक्तीचं, नाहीतर काचेवरचा तेलरोधक थर जातो, बोटं घसरत नाहीत आणि डॉकच्या पिना गंजतात. हाताचा पट्टा कापडी नको, रक्त शोषतो. सिलिकॉनचा घेतला.

२ जुलै

नंदेसरी आणि कोयलीकडच्या (रासायनिक कारखाने आणि तेलशुद्धीकरण केंद्राचा भाग) कॉलसाठी विचारणा झाली. उत्तर स्पष्ट: रगेड म्हणजे स्फोटरोधक नव्हे. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात नेण्यासाठी यंत्र आंतरिक सुरक्षित (ठिणगीने वायू पेटणार नाही असं बनवलेलं) असावं लागतं, त्यावर झोन आणि वायुगटाची खूण असावी लागते, आणि आपल्याकडे पेसोची (स्फोटक सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता लागते. आपल्या तिन्हींपैकी एकावरही नाही. पाठीवर लाल स्टिकर लावला: वायू गळतीच्या ठिकाणी गाडीतून बाहेर न्यायचा नाही. स्टिकर गुजरातीत.

८ जुलै

सराव, वर्गवारीसह. स्टार्ट पद्धत (१९८३ पासून वापरात): चालू शकतो तो हिरवा, श्वास नाही आणि श्वासमार्ग मोकळा करूनही येत नाही तो काळा, मोकळा केल्यावर आला तर लाल, श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त तो लाल, मनगटाला नाडी नाही किंवा नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त तो लाल, साधी आज्ञा पाळत नाही तो लाल, उरलेले पिवळे. एका माणसाला मिनिटभरसुद्धा द्यायचा नसतो.

टॅबवर एका स्क्रीनला एक प्रश्न असं केलं होतं. सुबक दिसतं, पण वापरायला वाईट. सरावलेला माणूस हे प्रश्न मनात आधीच सोडवतो आणि त्याला सरळ रंग सांगायचा असतो. आपण त्याला पायऱ्या चढायला लावत होतो. कागदी टॅग फाडून मनगटाला बांधणारे स्पष्टपणे पुढे होते.

बदल: आधी टॅग, मग टॅब. टॅगवर बारकोड, टॅबने स्कॅन, चार मोठे रंगीत चौकोन, संपलं. चौकोनांवर रंगाबरोबर शब्द आणि आकार, कारण लाल-हिरवा नीट न ओळखणारे पुरुष बरेच असतात. प्रश्नांची मालिका ठेवली आहे, पण नव्या माणसासाठी, वेगळ्या बटणामागे. ओल्या टॅगचा बारकोड वाचला जात नाही. लॅमिनेट केलेले चालतात, पण चमकदार लॅमिनेशनवर टॉर्चचा झोत परततो. मॅट घ्यायचं.

रात्रीच्या फेरीत उलटी तक्रार: टॅब सर्वांत कमी प्रकाशावरही डोळ्यांत जातो, आणि मग पाणी दिसत नाही. बोटीत पडद्यापेक्षा पाणी दिसणं महत्त्वाचं. रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी, मंद लालसर अक्षरं, आणि २० सेकंद स्पर्श नाही झाला की पडदा विझतो.

शेवटी एसयूएसची (वापरायला किती सोपं ते मोजणारी, प्रत्येक वाक्याला १ ते ५) दहा वाक्यांची प्रश्नावली भरून घेतली. बऱ्याच जणांनी सौजन्याने सगळीकडे ४ ला खूण केली. या प्रश्नावलीत एक आड एक वाक्य उलटं असतं. सगळीकडे ४ चा हिशेब: विषम वाक्यांचे ५ गुणिले ३ म्हणजे १५, सम वाक्यांचे ५ गुणिले १ म्हणजे ५, एकूण २०, गुणिले २.५ म्हणजे ५०. हा ५० टॅबबद्दल काही सांगत नाही, पाहुणचाराबद्दल सांगतो. असे कागद बाजूला काढले आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न तोंडी विचारले: कुठे थांबलात? काय दोनदा दाबावं लागलं?

१५ जुलै

कुलूप. सहा आकडी पिन हातमोज्याने होत नाही, ओल्या बोटाचा ठसा लागत नाही. कुलूपच काढा अशी मागणी. पण नोंदीत रुग्णांची नावं आहेत आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. मधला मार्ग: टॅब फक्त आपलंच ॲप उघडतो, नवी नोंद करायला पिन लागत नाही, जुन्या नोंदी बघायला लागतो, चार आकडी, २० मिमी बटणांचा. टॅब हरवला तर दुरून पुसायची सोय चालू आहे; नेट मिळाल्यावरच ती चालते, म्हणून साठवण आधीच कूटबद्ध.

बाकी कामं: पी १ वरचा रबरी ठिपका दोन टॅबवरून निघाला, फेविक्विक टिकत नाही, निओप्रीन गोंद वापरून पाहायचा. ॲक्टिव्ह पेनची दोरी १८ सेमी करून पुन्हा सराव. आणि उन्हात तासभर तापवलेला लहान टॅब गाळाच्या गार पाण्यात बुडवून पाहणं अजून राहिलंय. त्यासाठी एक नग जाईल हे धरून तो आधीच वेगळा काढला आहे. झाकणाची सुटी रबरं आली की करायचं.